हेरनग्राख्तवरचं जुनं घर घेताना आधी पाया, मग किंमत

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: अ‍ॅम्स्टरडॅमच्या हेरनग्राख्त या कालव्यावर एक मोठं, रुंद घर विकायला आहे. मूळ बांधकाम सतराव्या शतकातलं, राष्ट्रीय स्मारकांच्या यादीतलं, आणि गेली बरीच वर्षं त्यात एका कंपनीचं ऑफिस आहे. खालचे दोन मजले तुमच्या कंपनीला आणि वरचे राहायला, असा तुमचा बेत आहे. काही रक्कम पुण्याहून भाऊ पाठवणार आहे. विकणाऱ्याचा एजंट दोन आठवड्यांत ऑफर मागतोय. तर घ्यावं का, आणि घेण्याआधी काय काय बघावं?

मी स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे. इथल्या जुन्या घरांची खरेदीआधी तपासणी करणं हे माझं रोजचं काम आहे. माझं उत्तर स्पष्ट आहे. हे घर घ्यायचं की नाही, ते दोन गोष्टींवर ठरवा: पायाचा ताजा अहवाल आणि महापालिकेच्या दप्तरी असलेली त्या घराच्या वापराची आणि बदलांची नोंद. या दोन्ही हातात येईपर्यंत किमतीचा आकडा तोंडातून काढू नका. छताची नक्षी, संगमरवरी जिना, मागची बाग, हे सगळं खरंच देखणं असतं आणि मलाही दर वेळी भुरळ घालतं. पण तुमचे पैसे वाचतील किंवा बुडतील ते जमिनीखाली.

पायापासून सुरुवात करतो. हे कालवे खणायला १६१३ मध्ये सुरुवात झाली. इथल्या जमिनीत वर पीट (अर्धवट कुजलेल्या वनस्पतींची मऊ माती) आणि मऊ चिकणमाती आहे. भार पेलणारा वाळूचा पहिला थर साधारण १२ मीटरवर लागतो. म्हणून घरं लाकडी पाइलवर, म्हणजे जमिनीत खोल ठोकलेल्या खांबांवर, उभी केली. पाइल जोडीजोडीनं ठोकायचे, प्रत्येक जोडीवर एक आडवं लाकूड, त्यावर लांब फळ्या आणि मग विटांची भिंत. शहरातल्या कालव्यांची पाण्याची पातळी समुद्रपातळीच्या डच मानकापेक्षा ४० सेंटिमीटर खाली राखली जाते. पाइलची डोकी भूजलाखाली बुडालेली असतात तोवर त्यांना हवा मिळत नाही आणि बुरशी लागत नाही. पाणी खाली गेलं आणि डोकी उघडी पडली की लाकूड कुजायला लागतं. पण पाण्याखाली आहे म्हणजे कायमचं सुरक्षित, असंही समजू नका. पाइनच्या लाकडाचा बाहेरचा मऊ भाग पाण्याखालीही जिवाणू हळूहळू खातात. शिवाय भोवतालची मऊ माती स्वतः खचत असते आणि खचताना पाइलला धरून खाली ओढते. म्हणजे दुखणी तीन आहेत, आणि ती वरून दिसत नाहीत.

दर्शनी भिंतीवर १६६५ साल कोरलेलं आहे म्हणून पायाही तेव्हाचाच असेल, असं नाही. यातल्या कित्येक घरांच्या दर्शनी भिंती अठराव्या-एकोणिसाव्या शतकात नव्यानं बांधल्या गेल्या आणि काहींचा पाया विसाव्या शतकात बदलला गेला. उलटही दिसतं: चकाचक रंगवलेलं घर आणि खाली मूळचेच पाइल. म्हणून पायाचं काम कधी झालं, कोणत्या परवान्यानं झालं, आणि पूर्ण घराचं झालं की फक्त पुढच्या भागाचं, हे कागदावर मागा. "मागच्या मालकांनी काहीतरी केलं होतं" हे उत्तर चालत नाही.

घर बघायला जाल तेव्हा एक लक्षात ठेवा. पुढे झुकलेली दर्शनी भिंत हा आपोआप दोष ठरत नाही. पोटमाळ्याबाहेरच्या तुळईला कप्पी लावून माल वर ओढायचे. तो भिंतीवर आपटू नये म्हणून भिंत मुद्दाम थोडी पुढे कललेली बांधत. काळजी करायची ती बाजूला गेलेल्या तिरकेपणाची, आणि त्यातही चालू असलेल्या हालचालीची. दोनशे वर्षांपूर्वी कललेलं आणि तिथेच स्थिरावलेलं घर मी आनंदानं घ्यायला सांगेन. गेल्या दहा वर्षांत एका कोपऱ्यात खचत असलेलं घर मात्र नाही. हा फरक डोळ्यांना कळत नाही, मोजमापाला कळतो. शहरातल्या अनेक दर्शनी भिंतींत मोजणीचे छोटे बोल्ट बसवलेले आहेत आणि त्यांच्या उंचीच्या जुन्या नोंदी असतात. त्या काढायला लावा. सोबत विटांच्या एका थराची पाणसळ आणि भिंतींचा ओळंबा मोजून घ्या. विटांचा थर बांधताना सरळच धरलेला असतो, त्यामुळे आज तो जिथे वाकलाय तिथे घर खचलंय. वर्षाला अर्धा मिलिमीटर खचणाऱ्या घराबद्दल मी झोप मोडणार नाही. तीन-चार मिलिमीटर असेल तर पायाच्या दुरुस्तीचा खर्च किमतीतून वजा केल्याशिवाय पुढे जाऊ नका.

मग येतो खड्डा. खरी परीक्षा तीच. सगळ्यात खालच्या मजल्याची फरशी उचलतात आणि भिंतीला लागून माणूस उतरेल एवढा खड्डा खणतात. पाणी येत राहतं, पंप चालूच ठेवावा लागतो. खाली आधी आडव्या फळ्या लागतात, त्यांच्याखाली पाइलची डोकी. माती धुऊन काढली की लाकूड काळपट, ओलं आणि वरवर अगदी शाबूत दिसतं. त्यावर स्प्रिंगच्या हत्यारानं ठरावीक जोरानं सुई मारतात आणि ती किती आत गेली ते मोजतात. चांगल्या पाइलमध्ये सुई थोडीशी जाऊन थांबते. सडलेल्यात दोन-तीन सेंटिमीटर सहज घुसते, आणि अंगठ्यानं दाबलं तरी लाकूड भिजलेल्या पुठ्ठ्यासारखं दबतं. आतला गाभा तरीही टणक असू शकतो. म्हणून भोक पाडून लाकडाचे बारीक नमुने काढून प्रयोगशाळेत पाठवतात. शाबूत लाकूड किती उरलंय, पाइलच्या डोक्यावर पाणी किती आहे आणि भार किती आहे, या तिन्हीवरून अहवालात लिहितात की पाया अजून किती वर्षं टिकेल असं धरता येतं. २५ वर्षं किंवा त्याहून जास्त लिहिलं असेल तर निर्धास्त पुढे जा. बँकही हाच आकडा बघते.

तुमच्या घरासारखं खोल घर असेल तर एक खड्डा पुरत नाही. या घरांचे भूखंड साधारण साडेआठ मीटर रुंद आणि पन्नासेक मीटर लांब होते. श्रीमंत व्यापारी दोन भूखंड घेऊन दुप्पट रुंद घर बांधत. पुढचं घर, मधला चौक आणि मागचं घर वेगवेगळ्या काळात बांधलेलं असतं, त्यामुळे पायाही वेगळा असतो. खड्डा पुढे एक आणि मागे एक हवाच.

शेजाऱ्यांचंही बघावं लागतं. बहुतेक ठिकाणी मधली भिंत सामाईक असते आणि ती दोन्ही घरांचं ओझं एकाच पाइलच्या रांगेवर टाकते. तुम्ही एकट्यानं नवा पाया घातला आणि शेजारचं घर खचत राहिलं, तर त्या सामाईक भिंतीत ताण येणार. त्यामुळे शेजाऱ्यांशी बोलणं हा तपासणीचाच भाग आहे. त्यांच्याकडे अहवाल आहे का, त्यांना काम करायचंय का, खर्च वाटून घेतील का, हे ऑफरच्या आधी विचारा. डच शेजारी अशा प्रश्नाला सरळ उत्तर देतात.

पाया बदलायचाच झाला तर काय होतं तेही ऐका. खालचा मजला पूर्ण रिकामा करून खणतात. उंची कमी म्हणून स्टीलच्या नळ्या तुकड्यातुकड्यांनी जोडत खाली वाळूपर्यंत दाबतात. भिंतींमध्ये ठरावीक अंतरावर खाचा पाडतात, सळ्या बांधतात आणि काँक्रीटची एक मोठी लादी ओततात. तिचं ओझं नव्या पाइलवर जातं आणि भिंती त्या खाचांमधून लादीवर बसतात. काम महिनोन्‌महिने चालतं, तोवर खालचा मजला वापरता येत नाही. या आकाराच्या घराला खर्च काही लाख युरोंच्या घरात जातो. याच वेळी तळघर खोल करून घ्यायचा मोह बऱ्याच जणांना होतो. इथे भूजलाचा प्रवाह अडणार नाही हे सिद्ध करावं लागतं, म्हणून त्याचा हिशेब वेगळा ठेवा.

घरासमोरच्या रस्त्याकडेही बघा. १ सप्टेंबर २०२० ला ग्रिमबुर्गवालवर कालव्याकाठची भिंत थेट पाण्यात कोसळली. तेव्हापासून पालिका शहरभर पूल आणि काठाच्या भिंती दुरुस्त करतेय. तुमच्या पट्ट्याचा नंबर कधी आहे हे विचारा, कारण तो लागला की दारासमोर दीर्घकाळ काम चालेल. शहराच्या मध्यात ७.५ टनांहून जड ट्रकला परवानगी लागते, त्यामुळे तुमच्या दुरुस्तीचं सामानही बहुधा होडीनंच येईल. कंत्राटदाराच्या कोटेशनमध्ये ही वाहतूक धरली आहे ना, ते तपासा. मोठ्या खोदकामाचा शेजारच्या घरांवर काय परिणाम होतो ते फायझलग्राख्तवर २००८ मध्ये दिसलं. उत्तर-दक्षिण मेट्रोच्या स्टेशनचं काम चालू असताना तिथली जुनी घरं त्याच वर्षी दोनदा अचानक खचली. तुमच्या घराच्या आसपास एखादं मोठं तळघर किंवा हॉटेलचं काम होणार असेल, तर आधीच्या स्थितीची नोंद फोटोंसह नोटरीकडे ठेवून घ्या.

आता वरचा भाग. राष्ट्रीय स्मारक म्हणजे फक्त दर्शनी भिंत जपायची, असा बऱ्याच जणांचा समज असतो. प्रत्यक्षात संरक्षण अख्ख्या घराला असतं: जिने, तुळया, गिलाव्याची छतं, शेकोट्या, दारं, खोल्यांची मूळ मांडणी. भिंत पाडायची, लिफ्ट घालायची, खिडक्यांच्या काचा बदलायच्या, प्रत्येकाला परवाना. आधीच्या मालकानं विनापरवाना काही पाडलं असेल तर तो प्रश्न खरेदीबरोबर तुमच्याकडे येतो. म्हणून पालिकेच्या परवान्यांची फाइल आणि आजचं घर शेजारी ठेवून तपासा. शहराच्या अभिलेखागारात जुने नकाशे आणि फोटो आहेत. कास्पर फिलिप्सचा १७६८ ते १७७१ मध्ये आलेला चित्रसंग्रह हेरनग्राख्त आणि कायझर्सग्राख्तवरच्या सगळ्या दर्शनी भिंती एकेक करून दाखवतो. त्यात तुमचं घर शोधा. नकाशांच्या जोडीला तो ठेवला की कुठली खिडकी नंतरची आणि कुठला मजला वाढवलेला, ते बरंचसं तिथेच उलगडतं. अधिकाऱ्यांकडेही तुम्ही घराचा इतिहास वाचून गेलात की बोलणं वेगळ्या पातळीवर होतं.

ऑफिस असलेल्या घरात एक फायदाही असतो. कंपन्यांनी खोट्या छतांमागे आणि पार्टिशनमागे बरंच काही झाकून टाकलंय, पण मोडलेलं नाही. एक टाइल सरकवून टॉर्च मारा. वर गिलाव्याची वेलबुट्टी किंवा रंगवलेल्या तुळया सापडतात. तेव्हाच तुळईचं टोक भिंतीत जिथे शिरतं तिथे स्क्रूड्रायव्हर टोचून बघा. या घरांत तुळया कुजतात त्या टोकाशी, कारण भिंतीतली ओल तिथेच मुरते. ओक लाकडात पोखरणारा भुंगा असेल तर खाली ताजा फिकट भुसा पडलेला दिसतो. जुनी भोकं चालतील, ताजा भुसा नाही. आणि छतावर जा. दोन घरांच्या उतारांमध्ये जी शिशाची पन्हळ असते, ती तुंबली की पाणी थेट मधल्या भिंतीत उतरतं. मी पाहिलेल्या गळतीपैकी बहुतेक तिथलीच. मोन्युमेंटनवाख्त ही १९७३ पासूनची संस्था अशा इमारतींची नियमित पाहणी करते. तिचे मागचे अहवाल असतील तर विकणाऱ्याकडून मागून घ्या.

पैशाकडे येऊ. इथे तुमच्या बेतातली सगळ्यात महागडी चूक दडलेली आहे. स्वतः राहायला घेतलेल्या घरावर हस्तांतरण कर २ टक्के आहे. राहण्याची नसलेली इमारत असेल तर १०.४ टक्के. राहण्याचं घर पण स्वतः राहणार नसाल, किंवा कंपनीच्या नावावर घेतलंत, तर २०२६ पासून ८ टक्के. किंमत ४० लाख युरो धरली तर २ आणि १०.४ मधला फरक ३ लाख ३६ हजार युरोंचा होतो. आज ऑफिस आहे म्हणजे १०.४ टक्केच, असंही नाही. इमारत मुळात राहण्यासाठी बांधली होती का आणि नंतरच्या बदलांनी तिचं ते स्वरूप किती मोडलं, यावर ते ठरतं. २०१७ मध्ये इथल्या सर्वोच्च न्यायालयानं हा निकष स्पष्ट केला. पण ऑफिससाठी स्वयंपाकघर आणि न्हाणीघरं काढून टाकली असतील तर वाद होऊ शकतो. करसल्लागाराचं लेखी मत सही करण्याआधी घ्या. आणि तुम्ही ऑफिससाठी ठेवणार त्या मजल्यांवर कोणता दर लागेल ते त्याच पत्रात लिहून मागा.

भावाचं नाव खरेदीखतावर घालू नका, निदान विचार केल्याशिवाय नाही. तो तिथे राहणार नाही, म्हणून त्याच्या हिश्श्याला २ टक्क्यांचा दर मिळणार नाही. भारतातून पाठवायच्या रकमेलाही मर्यादा आहे: रिझर्व्ह बँकेच्या योजनेखाली एका निवासी व्यक्तीला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलर. वहिनीसुद्धा पाठवणार असतील तर त्यांची मर्यादा वेगळी मोजली जाते. इथला नोटरी पैशाचा उगम विचारणारच, तो त्याचा कायदेशीर धर्म आहे. पुण्याच्या सीएकडून कागद आताच तयार करायला घ्या. सही झाल्यावर साधारण किमतीच्या १० टक्के इसार किंवा तेवढी बँक गॅरंटी द्यावी लागते, आणि पैसे अडकले तर तो इसार धोक्यात येतो.

वैयक्तिक नावावर राहण्याचं घर घेणाऱ्याला सहीनंतर तीन दिवस विचार बदलायची मुभा कायद्यानं मिळते. कंपनीनं घेतलं तर ती नाही. कराराच्या मसुद्यात दोन कलमं हमखास असतील: घर जुनं आहे म्हणून नव्याची अपेक्षा धरू नये, आणि विकणारा तिथे स्वतः राहिलेला नाही म्हणून त्याला दोष माहीत नाहीत. दोन्ही मिळून पायाचा धोका तुमच्या अंगावर येतो. त्यांच्यासमोर तुमची तीन कलमं घाला: पायाचा अहवाल समाधानकारक आला नाही तर करार रद्द, कर्ज मंजूर झालं नाही तर रद्द, आणि तुम्हाला हवा तो वापर पालिकेनं नाकारला तर रद्द. तिसरं कलम एजंटला आवडणार नाही. तरी आग्रह धरा, कारण काही मजले राहायला आणि काही ऑफिसला ही विभागणी पालिकेच्या आराखड्यात बसते की नाही, यावरच तुमचा सगळा बेत उभा आहे. वरचा एखादा मजला पर्यटकांना भाड्यानं देऊन हप्ता काढू, असा विचार असेल तर तो सोडा. वर्षाकाठी मोजक्या रात्रींपलीकडे इथे परवानगी नाही.

दरवर्षीचा खर्चही धरा. इतक्या महाग घरावर इथे 'मालकीच्या घराचं काल्पनिक उत्पन्न' करपात्र उत्पन्नात मिळवतात. सुमारे १३ लाख युरोंच्या वरच्या मूल्यावर त्याचा दर २.३५ टक्के आहे. चार मीटर उंच खोल्या आणि एकेरी काचा, म्हणजे गरम ठेवण्याचं बिल मोठं. देखभालीचा खर्च पूर्वी करातून वजा व्हायचा. २०१९ पासून त्याऐवजी अनुदान आहे, ते देखभालीच्या खर्चाचा काही भाग भरून काढतं. स्मारकांसाठी कमी व्याजाचं कर्जही मिळतं. दोन्हींच्या अटी काम सुरू करायच्या आधी वाचा.

गुंतवणूक म्हणून कसं, हेही तुम्ही विचारलंय. पीट आइखहोल्ट्झ या अर्थशास्त्रज्ञानं याच हेरनग्राख्तवरच्या घरांच्या १६२८ ते १९७३ पर्यंतच्या विक्रीच्या किमती जमवून निर्देशांक काढला. महागाई वजा केल्यावर साडेतीन शतकांत किमती साधारण दुप्पट झाल्या, एवढंच. मधल्या युद्धांत आणि मंदीत त्या दीर्घकाळ पडूनही राहिल्या. गेल्या तीस वर्षांची तेजी बघून पुढचा हिशेब मांडू नका. राहायचं असेल, मुलांना त्या घरात वाढवायचं असेल, तर घ्या. नुसतं वाढण्यासाठी ठेवायला हे घर फार काम मागतं.

दोन आठवड्यांच्या मुदतीबद्दल: इतक्या मोठ्या आणि ऑफिस असलेल्या घराला गिऱ्हाइकं रांग लावून उभी नसतात. एजंटला लेखी कळवा की पायाच्या तपासणीसाठी दोन खड्डे खणायची परवानगी आणि चार ते सहा आठवडे हवेत, खर्च तुमचा. परवानगी दिली तर बोलणी चालू ठेवा. विकणाऱ्यानं खड्डा खणू दिला नाही, तर मी पाया बदलावा लागेल असं धरून किंमत लावेन, आणि त्या किमतीला नाही म्हणाले तर दुसरं घर बघेन. स्वयंपाकघर जुनं, वायरिंग जुनं, भिंती भकास, पण पाया नवा आणि कागद पूर्ण, असं घर मिळालं तर मात्र वेळ दवडू नका.

अहवाल आला की मला त्यातली तीन पानं पाठवा: लाकडाच्या नमुन्यांचे आकडे, पाइलच्या डोक्यांची आणि भूजलाची पातळी, आणि बोल्टांच्या मोजणीचा तक्ता. आजूबाजूच्या दोन्ही घरांचे बोल्ट त्या तक्त्यात नसतील तर तेही काढायला सांगा.